बुधवारी मीच बोलणार

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू तारीख विचारलीस आणि मी विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. छातीच्या तपासणीचा रिपोर्ट बुधवारी सकाळी अकराला मिळणार आहे. डॉक्टर समोर बसवून सांगणार आहेत, तेही इंग्रजीत, कारण त्यांना मराठी येत नाही. तू लगेच रजेचा अर्ज लिहायला घेशील, म्हणून आधीच सांगतो, जरा दम धर आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मग माझं सांगायचं राहूनच जातं.

आधी एक कबुली देऊन टाकतो. गेले पाच महिने मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी पत्ते खेळायला जात नाहीये. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी ग्रामरचा वर्ग भरतो, तिथे जातो. हसू नकोस! चाचणी घेऊन त्यांनी मला इंटरमीडिएटमध्ये बसवलंय, म्हणजे तुझा बाप अगदीच ढ नाही. तीस वर्षं लिफ्टची मॅन्युअलं वाचून वाचता बरं येतं, तोंड उघडलं की मात्र बोंब. शिकवणाऱ्या बाई तुझ्यापेक्षाही लहान आहेत, पण वेळेच्या पक्क्या. माझ्या बाकावर एक बेकरीवाली बाई बसते. तिच्या वहीला कायम पीठ लागलेलं असतं आणि मी तिची उत्तरं बघतो.

पॅसिव्ह व्हॉइसच्या दिवशी माझं आणि बाईंचं जरा वाजलंच. लिफ्ट दुरुस्त करण्यात आली, असं लिहायचं होतं. मी म्हटलं, अहो, शाफ्टमध्ये चार तास लोंबकळून ती मी दुरुस्त केली, मग माझं नाव का गाळायचं? सगळा वर्ग हसला. आमच्या कामात तसं चालतच नाही. लिफ्टच्या खोलीत रजिस्टर असतं, त्यात जे दिसलं ते जसंच्या तसं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. केबल झिजली असेल तर झिजली लिहायचं. सोसायटीवाल्यांना वाईट वाटेल म्हणून बरी आहे असं लिहिलं, तर तो माणूस आमच्या धंद्यातून गेला. हे मी तुला लहानपणी शंभरदा ऐकवलंय, आणि आता त्याचीच मला लाज वाटते. का ते सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी मंगळवारी डायरेक्टचं इनडायरेक्ट चाललं होतं. कोण कोणाला काय म्हणालं, ते दुसऱ्याने कसं सांगायचं, त्याचा सराव. पुस्तकातली वाक्यं संपली, तेव्हा बाईंनी घरून एखादं खरं इंग्रजी पत्र आणायला सांगितलं. आता आपल्या घरात इंग्रजी पत्र कुठलं? विजेचं बिल, नाहीतर आईची हॉस्पिटलची फाइल. ती फाइल त्या वेळी तूच सांभाळायचीस, नंतर मी ती कधी उघडलीच नव्हती. सोळा वर्षांत एकदाही नाही. त्यातला सगळ्यात लांब कागद मी काढला. भरपूर ओळी आहेत, सरावाला बरा, एवढाच विचार केला. घरी वाचूनसुद्धा पाहिला नाही. घडी केली, खिशात टाकला आणि गेलो. म्हणतात ना, अक्कल गहाण, तसं.

गुरुवारी वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायचं होतं. पहिल्या चार ओळी मी खणखणीत वाचल्या. पाचव्या ओळीत होतं की आता आणखी उपचार करण्यासारखे नाहीत, साधारण तीन महिने मिळतील, असं कुटुंबाला समजावून सांगितलं. सहाव्या ओळीत होतं की पेशंटच्या तेरा वर्षांच्या मुलीने दुभाष्याचं काम केलं. मुलीने तेच दोनदा विचारून घेतलं. मी थांबलो. बाईंना वाटलं मी शब्दाला अडलो, त्यांनी फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगितला. अर्थ मला कळला होता. बेकरीवालीने माझ्या हातातून कागद घेतला आणि मला खाली बसवलं.

त्या दिवशी डॉक्टरांचं इंग्रजी ऐकून तू आईला आणि मला मराठीत काय सांगितलंस, ते मला पाठ आहे. डॉक्टर म्हणाले औषध बदललंय, वेळ लागेल, पण गुण येईल. सांगायच्या आधी तू डॉक्टरांना पुन्हा काहीतरी विचारलंस आणि मी तुला कोपराने ढोसलं होतं, बोल लवकर, डॉक्टरांचा खोळंबा होतोय म्हणून. घरी आल्यावर आईसाठी खोली रंगवायला काढली. तू ब्रश हातात घेईनास, कोपऱ्यात बसून रडायला लागलीस, तेव्हा मी तुझ्यावर खेकसलो. आई बरी होतेय आणि तू कसलं सुतक धरून बसलीस, असं म्हणालो. मग तू उठलीस आणि हात पोचेल तिथपर्यंत भिंत रंगवलीस. कपाटामागे तो जोड अजून दिसतो. वरचा रंग माझा, खालचा तुझा.

खरं सांगू? मला राग आला. दोन दिवस तुझा आला. मला ठाऊक असतं तर मी कामावर गेलोच नसतो, तिच्याजवळ बसलो असतो. मग आठवलं, ते तीन महिने तुझी आई पडद्यांचे नमुने निवडत होती, माझ्या चहाला नावं ठेवत होती, हसत होती. तिसऱ्या दिवसापासून राग माझा मलाच यायला लागला. तेरा वर्षांच्या पोरीला तिथे उभं कोणी केलं? मीच ना! तुला बोललो, ते चुकलं माझं, ठमे. कामाची मोठी रजिस्टरं भरणाऱ्याला घरातलं एक पोर दिसलं नाही.

तेव्हा बुधवारचं असं ठरवलंय. तू ये. रजा काढ, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस, हवं तर माझा हात धर. पण एक शब्द बोलायचा नाही. डॉक्टरांना मीच विचारणार आहे. प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, बाईंनी चुका काढून दिल्यात, बेकरीवालीने माझ्याकडून ते घोकून घेतलेत. कळलं नाही तर दोनदा विचारीन, तू विचारलंस तसं. आणि तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगलं असलं, तरी डॉक्टर जे सांगतील ते बाहेर बाकावर बसून मीच तुला मराठीत सांगीन. जे असेल ते, जसंच्या तसं. तू नुसतं ऐक.

तुझाच,
बाबा