तिसऱ्या गाण्यातला माउथ ऑर्गन

शॉमबर्ग, १४ जानेवारी

प्रिय अरुण,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मनात दुसरा शब्द होता, पण पाकीट माझी नात सिया टाकणार, आणि शनिवारच्या शाळेत जाऊन तिला आता मराठी वाचता येतं. बर्फामुळे टपाल रखडतंय. मिळालं की मिस्ड कॉल दे. बोलू नकोस.

तिकडे प्लेनोत लेकीच्या मोठ्या घरात बसून तू लंडनच्या रेकॉर्ड कंपनीला काय कळवलंस ते मला समजलं. आपल्या रस्टी गेट ब्लूज बँडची जुनी रेकॉर्ड पुन्हा निघतेय, आणि चारही गाण्यांत माउथ ऑर्गन तूच वाजवलास म्हणे! बँड चालवणाऱ्या टेरीने आपल्या दोघांची नावं दिली म्हणून त्यांनी मलाही विचारलं. सियाने ईमेल वाचून दाखवला आणि म्हणाली, आजोबा, धिस इज अ लाय, राइट? मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

चौदा महिने चालला तो बँड. टेरी तेवढा कायम. ड्रमवाले पाच झाले. एकाचं लग्न ठरलं, एकाची आई रागावली, एक दुसऱ्या बँडची व्हॅन दिसताच तिच्यात चढला. बेसवाल्याचं नाव पाठ होईस्तोवर नवा हजर. कोण कधी होतं ते टेरीलाही आठवत नाही, आणि त्याचाच तू फायदा घेतोस. कव्हरवर फोटो तुझा, कबूल. तोंडाने वाजवायचा हा बाजा मला तूच शिकवलास, मी नुसता व्हॅनमधलं सामान उचलायचो, तेही कबूल. पण फोटो मार्चमधला. रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये झालं आणि तिथे तू नव्हतास.

सियाच्या हेडफोनवर ऐकलं मी. तिसऱ्या गाण्याच्या आधी तीन थापा आहेत. थप, थप, थप. तो मी. बाजा भिजवला की त्याच्या आतलं लाकूड फुगून आवाज मोठा लागायचा, मग तळहातावर आपटून पाणी काढायचं. तेव्हा विलायतेत, वुल्वरहॅम्प्टनच्या आपल्या खोलीत मी तो तुझ्याच चहाच्या मगात भिजवायचो. काय रे, रेडा डुंबायला सोडलास का, असं तू ओरडायचास. तू वाजवायचास कोरडा, रुमालाने पुसून, जसा काही डॉक्टर. फुगलेल्या लाकडाने कापलेला ओठ माझा आहे. दाढी करताना अजून ब्लेड तिथे अडतं. तू कुठला व्रण दाखवणार?

तू मॅट्रिक, फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये कारकून. मी सातवी, लोखंड ओतणारा. कंपनीवाले तुझंच खरं मानतील या धास्तीने आठवडाभर जेवण जात नाही. माझी लेक म्हणते, बाबा, लेट इट गो. तिला म्हणायला काय जातं! माझं नाव आजवर छापलं गेलं ते फक्त इथल्या औषधांच्या बाटल्यांवर, पेशंट म्हणून.

काल सियाने कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. शेवटचा प्रश्न होता, वाजवणारा बदलला असल्यास, कशामुळे? अरुणकाका आजारी होते का, तिने विचारलं. मी म्हटलं, मला झोप आलीय. सकाळचे अकरा वाजले होते.

तर ऐक. त्या दिवशी खालच्या फोनवर टेरीचा निरोप आला होता. स्टुडिओ पाचला नाही, दोनला मिळालाय, अरुणला पाठव. तू वर शर्टाला इस्त्री करत होतास, शीळ घालत. मी जिना चढलो नाही. बाजा खिशात घातला आणि दार हळू ओढून घेतलं. दोनला तुझ्या जागी मी वाजवलं, पाचला तुला तिथे कुलूप दिसलं. रेकॉर्डिंगला आला नाहीस म्हणून टेरीने तुला काढलं, आणि दोन महिन्यांत बँडच मोडला. परत आल्यावर तू विचारलंस, फोन आला होता का रे? मी नाही म्हटलं. तू मान हलवलीस. ती कशी हलवलीस, ते छप्पन्न वर्षं मला उमगलेलं नाही. तुला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणून आता हे करतोयस का? पुढच्या शुक्रवारी फॉर्म जाईल. माउथ ऑर्गनपुढे माझंच नाव असेल, ते मी सोडणार नाही. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही मी सियाला सांगून, तिच्या तोंडाकडे बघत लिहून घेणार आहे. ते तिच्याआधी तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

फोन आला होता, अरुण.

तुझ्याच मगात बाजा भिजवणारा,
राजाराम