वारा कमी होणार नाही

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१८ फेब्रुवारी २००६

ती. वन्संना मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घ्यावा.)

तुमची पाठ कशी आहे? निरगुडीचा शेक स्वतः घेता, की नुसता शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरता? आम्ही इकडे सगळे खुशाल. पराग आणि स्वप्नाली ऑफिसात, हे रिटायर होऊन घरात, आणि मी, तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे, ‘या वयात कॉम्प्युटरवर गोट्या खेळत’. तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आधी मला झापलंय, मग घराच्या पश्चिमेला तीन मजली हॉटेल उभं राहिलं आणि परसात पूर्वीसारखं काही उरलं नाही, असं एका ओळीत उरकून पुन्हा झापायला घेतलंय. सगळा जन्म शाळेतल्या वह्या तपासण्यात गेला, तेव्हा हातातली लाल शाई संपेपर्यंत तुम्हाला थांबवत नाही हे मी समजू शकते. पण मीही तुमच्याच घरात सून म्हणून तयार झालेय. आता माझंही ऐकून घ्या.

पहिलं म्हणजे त्या गोट्या नाहीत, गोल्फ आहे. डॉक्टरांनी मला जमिनीवर बसायची बंदी केली, आणि आमच्या घरात हातांची खुर्ची एकच, ती कॉम्प्युटरपुढची. (सोफ्यात बसले तर उठवायला माणूस बोलवावा लागतो.) खुर्चीत बसायचं तर समोर असेल ते बघायचं, आणि समोर परागने हौसेने आणून टाकून दिलेला हा खेळ होता. माउस मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, की पडद्यावरचा माणूस काठीने चेंडू मारतो. लांबवर एक भोक असतं, त्याला होल म्हणतात. जितक्या कमी फटक्यांत चेंडू आत, तितकं चांगलं. असे अठरा होल झाले की डाव पुरा. यात न कळण्यासारखं काही नाही, तुम्हालाही जमेल.

दर शनिवारी इंटरनेटवर याची टूर्नामेंट असते. कॅनडातला हॅरल्ड नावाचा दातांचा डॉक्टर ती चालवतो. देशोदेशीचे सभासद आपापल्या घरी बसून एकाच मैदानावर खेळतात, आणि त्या दिवशी वारा किती, हिरवळ मऊ की कडक, हे सगळं हॅरल्ड ठरवतो. इथेच माझं डोकं फिरलं. मैदानं मोजून तीन, तीच आलटून पालटून. वारा असा की निरांजनाची ज्योतही हलायची नाही. हिरवळ एवढी मऊ की चेंडू पडला तिथेच बसतो, लग्नात जेवून पेंगणाऱ्या पाहुण्यासारखा. ही कसली स्पर्धा? दर शनिवारी दुधीची भाजी, आणि तीही आजाऱ्यासाठी केलेली! सगळ्यांनाच भरघोस यश, सगळेच एकमेकांना शाबासकी देणार. मला असली फुकटची शाबासकी नको. सासूबाईंनीसुद्धा मला ती कधी दिली नाही (आणि त्यांचं तेच बरोबर होतं).

मग मी तक्रार लिहिली. मी मराठीत सांगितलं, स्वप्नालीने इंग्रजीत टाइप केलं. उत्तर इतकं गोड आलं की मला शंका आली. विचारलं तर कळलं, मी सांगितलेलं ‘हा काय पोरखेळ लावलाय’ हे वाक्य तिने ‘कृपया विचार व्हावा’ असं करून पाठवलं होतं. (सून सालस आहे, पण भांडण तिच्या हातात देण्यात अर्थ नाही.) दुसरं पत्र मी तिच्या खांद्यावर हात ठेवून शब्दन् शब्द लिहून घेतलं. तेव्हा हॅरल्डचा खरा आवाज ऐकू आला: एवढं असेल तर बाईंनी स्वतःच मैदान तयार करावं.

त्याला वाटलं असेल, बाई गप्प बसेल. वन्सं, खेळाच्या त्याच सीडीत मैदान काढायची सोय आहे. दसऱ्यानंतर बसले आणि संक्रांतीपर्यंत आपलं परस काढलं. हो, आपलंच. तुमच्या घराचं मागलं दार उघडलं की दिसतं ते. अठरा होलांना पुरेना म्हणून थोडं ताणावं लागलं, शेवग्यापासून विहिरीपर्यंत आता चांगलं अर्धा मैल चालणं आहे. शेवगा त्यांच्या झाडांच्या यादीत नव्हता, म्हणून एका परदेशी झाडाला शेवगा समजायचं ठरवलं. पाचवा होल धुण्याच्या दगडापाशी. आठवा तुमच्या अबोलीच्या वाफ्याला खेटून. वाफ्यात चेंडू गेला तर दोन फटक्यांचा दंड, कारण तिथे पाय पडला की तुम्ही काय करायचात ते मी विसरलेले नाही. हिरवळ मी शिमग्यातल्या सारवलेल्या अंगणासारखी टणक ठेवली. चेंडू पडला की घरंगळत निघतो तो थेट विहिरीत.

आणि वारा! वारा मी आपल्या परसातला लावलाय. पहिल्या नऊ होलांना डोंगराकडचा, कोरडा. मग जेवणं आटोपायच्या सुमाराला तो पडतो, आणि पुढच्या नऊंना समुद्राकडून भरून येतो, उलट्या बाजूने. शेजारच्या हंसाबेनना एक होल खेळायला दिला. चेंडू उडाला आणि हवेतल्या हवेत माघारी आला. त्या म्हणाल्या, “मंदाबेन, तुम लोग का गाँव तो बहोत डेंजर है हं.” मला इतकं बरं वाटलं की त्यांना चहाबरोबर चकली दिली.

गेल्या शनिवारी त्यावर चाचणीची फेरी झाली. हॅरल्डचे चार चेंडू विहिरीत. एक जर्मन गृहस्थ सहाव्या होलवरून न सांगता निघून गेले. मग सभासद इंटरनेटवर निरोप लिहितात त्या फळ्यावर गहजब उडाला: हे मैदान आहे की शिक्षा, हिरवळ अशी नसते, आणि एकाच दिवसात तोंड फिरवणारा वारा पृथ्वीवर कुठे असतो? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: माझ्या घरी. हे तिथेच मिटलं असतं. पण ‘कोकणकिंग’ नावाच्या एका सभासदाने चोख सरकारी इंग्रजीत लिहिलं की उपरोक्त विषयास अनुसरून, आपण स्वतः त्या भागात लहानाचे मोठे झालो असून असा वारा तिथे वाहत नाही. कोकणकिंग म्हणजे दुसरं कोणी नव्हे, वन्सं, तुमचे धाकटे बंधू. मी दुपारी आडवी झाले की हे खुर्ची बळकावतात. चष्म्याचं घर कीबोर्डशेजारी विसरले, म्हणून सापडले. (अबोलीत यांचे पाच चेंडू गेले, खरं दुखणं ते आहे. परक्या कोणी नाही, सख्ख्या बहिणीने लावलेली अबोली!)

तेव्हा ‘सुभाषच्या जेवणाचे हाल होतात’ असं तुम्हाला फोनवर कोणी सांगितलं तेही मला कळलं. हाल काही नाहीत. भात दोनदा घेतात. मी त्यांना समोर बसवून विचारलं, परसात वारा एकाच बाजूने येतो म्हणता, तर तिथे दोरीवरचे कपडे तुम्ही कधी काढलेत? यांनी खूप आठवून पाहिलं. कधीच नाही. यांना शर्ट घडी होऊन खुंटीवरच भेटायचा. सकाळी नऊवारी डोंगराकडच्या वाऱ्याने फुगायची आणि दुपारी उलटून आपल्याच तोंडावर यायची, आणि तुम्ही त्या टोकाला नि मी या टोकाला ती धरून हसत सुटायचो. सासूबाई आतून विचारायच्या, काय झालं? सांगण्यासारखं काही नसायचंच. माझ्या त्या घरातल्या पहिल्या वर्षात हसू म्हणून जे होतं ते तेवढंच, वन्सं. तो वारा नव्हताच असं मला कॅनडाने सांगितलं तर मी सोडून देईन. यांनी सांगितलं याचा मला संताप आलाय, आणि तो अजून उतरलेला नाही.

हॅरल्डने आता निकाल दिलाय: पुढच्या शनिवारपर्यंत बाईंनी पुरावा द्यावा, नाहीतर वारा कमी करावा. दोन्ही नसेल तर मैदान बाद, आणि पुन्हा ती तीन मैदानं जन्मभर. सगळे मला समजावतात. पराग म्हणतो, आई, थोडा कमी कर ना. स्वप्नाली म्हणते, निम्मा करा. हे पेपर उघडून बसतात. मी कमी करणार नाही. एक झुळूक कमी करणार नाही. शेवटची आले तरी चालेल (गेल्या शनिवारी आलेच), पण त्याच वाऱ्यात येईन.

राग ओसरला की लोभ असू द्यावा.

तुमची,
मंदा

ता. क. पुरावा तुम्हीच द्यायचा आहे. मुख्याध्यापिकेचा गोल शिक्का अजून तुमच्या कपाटात साडीखाली आहे हे मला ठाऊक आहे. परसात सकाळी कोणत्या दिशेने आणि दुपारी कोणत्या दिशेने वारा असतो ते चार ओळींत लिहून, खाली सही आणि शिक्का मारून लगेच कुरियरने पाठवा. शिक्का पाहिला की दातांचा डॉक्टरसुद्धा सरळ बसेल.

ता. क. २. यांना शिमग्याला तुमच्याकडे पाठवते आहे. आल्या आल्या कपडे वाळत घालायला लावा आणि काढायलाही लावा. लाड करू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना तुमच्या पत्रातली हॉटेलची ती ओळ पुन्हा वाचली. आता दुपारचा वारा परसात पोहोचत नसेल, तरी तो फिरतो असंच लिहा आणि शिक्का मारा. खोटं होणार नाही. मी लावलाय तो आपल्या दोघींच्या दोरीवरचा आहे, त्याच्या आड हॉटेल यायचंय अजून.