दीड वर्षानं लहान

१३ जानेवारी २००३, सोमवार. कोरेगाव भीमा.
चेक आला. आयुष्यातला पहिला. 'दोस्ती पॅकिंग' असं नाव, खाली सही. साठ पॅलेटचे पैसे. कंपनीच्या स्टोअरचे साळवे साहेब म्हणाले, "कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा दिसतात ना? बँक रोख देणार नाही. दोस्तीच्या नावानं करंट खातं काढ, त्यातच पडेल." म्हटलं, काढतो. "जुलैपर्यंत दम धरेल चेक. पण मला खातेनंबर मार्च एंडच्या आत पाहिजे. तेव्हा नवी यादी होते. यादीत नाव नसलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला."
खोलीवर आलो. रामसूरतनं चेक उन्हात धरून बघितला. मशीनच्या मोडक्या पेट्या आम्ही दोघं मिळून आणतो, खिळे उपसतो, फळ्या कापून माल ठेवायचे लाकडी पॅलेट ठोकतो. सुतार तो, फिरणारा मी. "दोस्ती मतलब हम दोनों," म्हणाला, "लेकिन मालिक आप. साहब लोग की गाली मालिक खाएगा."
(पुढं त्याला रा.सु. लिहिणार. हात दुखतो.)

१६ जाने., गुरु.
लाईट नाही. मशीन बंद. बसून बसून अंगाला मुंग्या. तीनदा स्टॅण्डपर्यंत जाऊन आलो, काम काही नव्हतं.

१७ जाने., शुक्र.
बँकेत गेलो. इस्त्रीचा शर्ट. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मालक कुठायत?"
"मीच."
त्यांनी माझ्या मागं बघितलं. मागं पेन्शनवाला म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "म्या न्हाई बाई."
बाई हसल्या. मग यादी सांगितली. ग्रामपंचायतीचा दाखला, तो आहे. रबरी शिक्का, तो करायला टाकला. फोटो दोन. वयाचा दाखला, अठरा पूर्ण पाहिजेत. दिवाळीलाच झाली, आई दर वर्षी सांगते. शाळेतून दाखला आणायचा राहिलाय, एवढंच. आणि ओळख. त्यांच्या बँकेत करंट खातं असलेला माणूस फॉर्मवर सही करणार, की मी ह्याला ओळखतो.
करंट खात्यातला मला कोण ओळखतो? आप्पाच.

१९ जाने., रवि.
आप्पांच्या सॉमिलवर. तिथं दोन वर्षं फळ्या ओढल्या. सोडून पाच महिने झाले. आप्पा खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर.
"आला व्हय मालक. बसा."
"आप्पा, बँकेत ओळखीची सही पाहिजे."
"तुला वळखत न्हाई असं कवा म्हणलो? करवतीत तुझं बोट जात हुतं तवा पट्टा कुणी बंद केला?"
सही दिली. चहा दिला. निघताना म्हणाले, "धंदा कर पोरा. फकस्त माझ्या गिऱ्हाइकाच्या गेटावर दिसू नगो."
मी मान हलवली. साळवे साहेबांची कंपनी आधी आप्पांचंच गिऱ्हाईक होती. त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणू. सही तर दिली.

२५ जाने., शनि. गावी.
शाळेतून दाखला घेतला आणि तिथंच पायरीवर वाचला. जन्मतारीख १ जून १९८६. पुढं अक्षरात पण. चारदा वाचलं. म्हणजे मी सोळा वर्षांचा.
आई म्हणाली, "कुणी सांगितलं? तू दिवाळीचा. पणत्या इझल्या न्हवत्या. ८४ साल."
अण्णा संध्याकाळी आले. पाटसच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या काट्यावर वजनाला लागतात, तिथं ते सीझनपुरते असतात. दाखला पुढं ठेवला. बघितला नाही.
"म्याच कमी सांगितली."
"का?"
"नोकरीत दीड वरीस जास्ती मिळंल म्हणून. समदे सांगायचे तवा. गुरुजींनी एक जून टाकलं."
"मला कुठली नोकरी अण्णा? मी आठवीत शाळा सोडली."
"ते मला कसं कळावं. तू सा वर्साचा हुतास."
जेवायला बसलो. दोनदा उठलो, पाणी प्यायला.

२६ जाने., रवि.
परत निघालो. आई वेशीपर्यंत आली. म्हणाली, अण्णांना एकदा पक्की नोकरी लागत होती. झेडपीत, शिपायाची. सगळं झालं होतं. वय चार महिन्यांनी जास्त निघालं. नाव काढलं. "तवापास्नं त्यांच्या डोक्यात वयच बसलंय. तू झालास तवा म्हणाले, ह्याला कुणी जास्ती म्हणणार न्हाई."
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
तरी राग जाईना. चौफुल्याला गाडी बदलताना एका कंडक्टरशी उगाच भांडलो.

२९ जाने., बुध.
बँक. बाईंनी दाखला बघितला, मग मला बघितलं. "अरे, तू तर मायनर." शब्द माहीत नव्हता, अर्थ कळला. आत मॅनेजर साहेबांकडं पाठवलं. ते वाईट नाहीत. म्हणाले, "सज्ञान नसलेल्याला धंद्याचं खातं देता येत नाही. वडिलांना मालक कर. खातं वडिलांच्या नावानं, दोस्ती पॅकिंग त्यांची."
"धंदा माझा आहे साहेब."
"मग दीड वर्ष थांब."
दीड वर्ष. परत तेच.

५ फेब्रु., बुध.
रा.सु. होळीला गावी जाणार. दौंडहून गाडी, तिकीट काढलंय १२ मार्चचं. त्याचे निम्मे पैसे चेकमध्ये अडकलेत. मागत नाही. रंधा मारताना फक्त जोरात मारतो.
"आप बूढ़े कब होंगे, मालिक?"
"कागज पर देर लगेगी."

९ फेब्रु., रवि.
आप्पांनी बोलावलं. बातमी पोचली. बँकेच्या रांगेत सगळेच त्यांचे.
"सोळाचा हाय म्हणं तू. अन् माझ्याकडं आलास तवा? चौदाचा? मला जेलात घालतूस काय?"
हसले. मी नाही हसलो. मग म्हणाले, "माझ्या नावानं काढ दोस्ती. मालक म्या, काम तुझं. चेक पडला की त्याच दिवशी तुझ्या हातात रोख. दीड वर्सानं नव्हं, उद्या."
"आणि पुढं? मी मोठा झाल्यावर?"
"पुढचं पुढं. तुला काय म्या खातूय?"
खाणार नाहीत. आप्पा तसे नाहीत. पण मग गेटवर परत त्यांचंच नाव लागेल आणि मी परत फळ्या ओढीन, ह्यावेळी माझ्याच. विचार करून सांगतो म्हणालो. रात्रभर कूस बदलत.

१२ फेब्रु., बुध.
एसटीडीवरून शेजारच्या काकूंकडं फोन, आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "तू निमोण्याला झालास, मामाच्या घरी. तितं ग्रामपंचायतीत नोंद असल. तुझा आज्जा लिवून यायचा समद्यांची."
मीटर पळत होतं, तरी आईला परत सांगायला लावलं.

१५ फेब्रु., शनि. निमोणे.
शिरूरला उतरून निमोण्याची गाडी. मामा आधीच ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेले. ग्रामसेवक दीडला आले. म्हणाले, "एवढ्या जुन्या नोंदी? सोमवारी या."
मामा म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं शंभर किलोमीटर फिरून आलंय. तुमी बसा, चावी द्या, आमी हुडकतो."
कपाट उघडलं. वही वाळवीनं कडेला खाल्लेली, मधून शाबूत. मामांनी बोट लावत नेलं. एका पानावर थांबले.
२५ ऑक्टोबर १९८४. मुलगा. बापाचं नाव, अण्णांचं. माझं नाव नाही, तेव्हा ठेवलं नव्हतं.
ग्रामसेवकांनी उतारा दिला, शिक्का मारला. मामा म्हणाले, "घे. जलामला तू आज."
गाडीत उतारा वरच्या खिशात. दर फाट्याला हात लावून बघत होतो.

१८ फेब्रु., मंगळ.
मॅनेजर साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्ही तारखांवर पेन टेकवलं.
"दोन जन्मतारखा असलेल्या माणसाचं खातं मी कसं उघडू?"
"खरी ही."
"तू म्हणतोस. शाळा वेगळं म्हणते. शाळेला कुणी सांगितलं?"
"वडिलांनी."
"मग वडिलांनीच शाळेला लिहून द्यावं की तारीख खोटी सांगितली होती. हेडमास्तरांनी तो दुरुस्तीचा अर्ज घेतला असं पत्र दे. मग मी वर विचारतो. वर हो म्हणतील असं नाही सांगत."
अण्णा लिहून देणार. अण्णा. गाडी काट्यावर चढताना ड्रायव्हर चहाला पैसे देतो, ते पण घेत नाहीत. म्हणून काट्यावर त्यांना 'शास्त्री' म्हणतात.

२२ फेब्रु., शनि. गावी.
सांगितलं. अण्णा ओसरीवर चपलेचा अंगठा शिवत होते.
"बँकेत मालक म्हणून माझं नाव लाव म्हणतात ना? लाव. सही करतो."
"मला तुमचं नाव नको."
असं नव्हतं म्हणायचं. निघालं तोंडातून.
अण्णांनी दोरा दातानं तोडला. "मग काय पायजे तुला? म्या खोटारडा असं लिवून पायजे? हेडमास्तर म्हणून आज तितं कोण बसलंय ठावं हाय? माझ्या वर्गातला. त्याला रोज जयभीम घालतूय म्या. त्याच्याम्होरं?"
आई आतून म्हणाली, "पोराचं आडलंय."
"माझंबी आडलं हुतं. म्या कुणाला लिवून मागितलं न्हाई."
न जेवता निघालो. आईनं भाकरी बांधून दिली, ती पाटसच्या स्टॅण्डवर खाल्ली.

६ मार्च, गुरु.
लाईट नाही. साळवे साहेबांनी निरोप पाठवला, खातेनंबर. आप्पांकडं जायला निघालो. सॉमिलच्या आधीच्या वळणावर चहा घेतला. दुसरा घेतला. परत आलो. का ते धड सांगता येत नाही.

१२ मार्च, बुध.
रा.सु.ला दौंडला सोडायला गेलो. स्टेशनवर तुफान गर्दी. उसने घेऊन त्याला निम्म्यातले निम्मे दिले. मोजले नाहीत त्यानं.
"लौटूँगा तो दोस्ती रहेगी?"
"रहेगी."
"नाम की या काम की?"
गाडी सुटली. 

२१ मार्च, शुक्र.
एकटाच ठोकतोय. दिवसाला चार पॅलेट. दुपारी मान वर केली तर फाटकात अण्णा. हातात पिशवी, टोपी. कारखान्यात ऊस वाहणारा पट्टा तुटला म्हणे, दोन दिवस सुट्टी. इथं कधीच आले नव्हते. पत्ता आईनं दिला असणार.
रचलेल्या पॅलेटवर बसले. उठून एक उलटं केलं, खिळे बघितले. "हे वाकडं मारलंस."
"ते रा.सु.चं नाही, माझंच."
"दिसतंय."
हातोडी घेतली. खिळा काढून सरळ मारला. दुसरा. तासभर तसंच. सुतारकाम येत नाही त्यांना, पण सरळ मारतात.
चहा घेताना विचारलं, "हे समदं कुठं जातं?"
"कंपनीत. ह्याच्यावर यंत्र ठेवून परदेशात पाठवतात."
"ह्याच्यावर?" पॅलेटवर हात फिरवला.
मग म्हणाले, "कागद काढ. काय लिवायचं ते लिव."
लिहिलं. वाचून दाखवलं: माझ्या मुलाची जन्मतारीख शाळेत दाखल करताना मी चुकीची सांगितली.
"'चुकीची' न्हाई," म्हणाले. "चुकून न्हाई सांगितलं म्या. 'जाणूनबुजून' लिव."
"अण्णा, त्यानं तुम्हाला त्रास होईल. चुकीचीच असू द्या."
"एक खोटं पुसायला दुसरं लिवायचं?"
जाणूनबुजून लिहिलं. सही नाही केली. "शाळेत. त्याच्याम्होरं."

२८ मार्च, शुक्र. गावी, शाळा.
कालच आलो. साळवे साहेबांना सोमवार सांगितलाय. सोमवारी ३१.
अण्णा धुतलेलं धोतर नेसले. वाटेत दोघांनी विचारलं, कुठं? म्हणाले, "शाळंत. पोराचं काम." शाळेच्या गेटात थांबले. टोपी सारखी केली. मी बरोबर चाललो तर हात आडवा घातला.
"तू भाईर थांब. खोटं म्या बोललोय."
"पण अण्णा, विचारलं तर..."
"मला इचारतील."
आत गेले. दार लोटलं. खिडकी अर्धी उघडी आहे, समोरच्या पायरीवरून दिसतं. हेडमास्तर उठून उभे राहिले, खुर्चीकडं हात केला. अण्णा बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. काहीतरी बोलले, ऐकू येत नाही, आतल्या वर्गात पाढे चालू आहेत. हेडमास्तर हसले, मग हसायचे थांबले. शिपाई जुनं रजिस्टर घेऊन आला, फडक्यानं पुसलं.
आता हेडमास्तर नुसतेच मान हलवतायत. होय का नाही, ओळखू येत नाही. कागद अजून अण्णांच्याच हातात. पाऊण तास झाला. वही मांडीवर घेऊन लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही.
अण्णा अजून उभेच आहेत.