होडीची नवी फळी वन्संच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा गाद्या-सोफे शिवण्याचा, सध्याचा होडी वल्हवण्याचा, हे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि कोणी माझ्या कानाशी लागलेले नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून बरीच वर्षे आहेत. असतील. पण जे सांगायचे ते तोंड चालू असताना सांगितलेले बरे.

यजमान गेले त्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात होडी धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना दिली होती. आता ती त्यांना नाही. कारण चौथ्या कलमात आहे.

कलम पहिले. राहते घर लेकीचे. अट एकच. मागची खोली माझ्या मोठ्या नणंदेची, म्हणजे वन्संची, आणि त्या आहेत तोवर त्यांचीच राहील. तिथले टेबल खिडकीपासून हलवू नये. लेक हे वाचून म्हणेल, "आई, हे लिहायला हवं होतं का?" तुझ्यासाठी नाही गं. तुझ्यामागून जे येतील त्यांच्यासाठी.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते लेकीचे. पासबुक कपाटात आहे आणि तिला वाचता येते.

कलम तिसरे. शिवणयंत्र, वाकड्या सुया आणि मोठी कात्री माझ्या दुकानातल्या जुन्या जोडीदारणीला. या कात्रीने एकदा प्लायवूड कापले आहे, तरी धार शाबूत आहे.

कलम चौथे. होडी.

होडी यजमानांची. ते घड्याळे दुरुस्त करत आणि सुटीच्या दिवशी तळ्यावर जात. वन्सं त्यांच्या थोरल्या बहीण, पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढत. आमचे लग्न त्यांना पसंत नव्हते आणि तेव्हापासून त्या माझ्याशी थेट बोलत नसत. घरी आल्या की एकाच स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभ्या राहून यजमानांना म्हणत, "तिला सांग, दूध उतू जातंय." यजमान बाहेरच्या खोलीतून उठून मला सांगायला येत. तोवर दूध गेलेले असे.

यजमान गेल्याच्या पुढच्या वर्षी वन्सं एकट्या आल्या. आता मध्ये बोलणारा कोणी उरला नव्हता. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ तळ्यावर कुठे जायचा, ते बघायचं होतं." मी भिंतीच्या वतीने हो म्हटले.

तळ्याच्या मध्यावर त्या नीट बघायला म्हणून उभ्या राहिल्या आणि पायाखालची फळी कर्रकन मोडली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. खाली होडीचा मूळ फायबरचा तळ होता, म्हणून बुडालो नाही. पण फळी आणि तळ यांच्यामध्ये काळे पाणी साचले होते, त्यात पाय अडकला. होडी एका अंगाला कलली. वन्सं किंचाळल्या, "अगं, बघतेस काय! धर मला!"

मी धरले. दोन्ही हातांनी धरले, त्यामुळे एक वल्हे वाहून गेले. फळीच्या तुटक्या कडा त्यांच्या पोटरीत रुतल्या होत्या, ओढले की रक्त येई. कात्री माझ्या पिशवीत कायम असते. मी खाली बसून त्यांच्या पायाभोवतीची फळी कातरायला लागले. ती प्लाय इतकी कुजली होती की भिजल्या पुठ्ठ्यासारखी कापली जात होती. वन्संनी माझा खांदा घट्ट धरला होता. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींच्या एवढ्या जवळ कधी आलो नव्हतो.

"ही फळी बसवली कोणी?" त्यांनी विचारले.

"भावजींनी."

"तरीच."

आधी त्या हसल्या की मी, यावर आमचा अजून वाद आहे. एका वल्ह्याने होडी गोल गोल फिरते. तशाच फिरत, हसत आणि थोड्या रडत आम्ही काठाला लागलो.

चार दिवसांनी भावजी गिऱ्हाईक घेऊन हजर. "वहिनी, होडी आता भंगारातच जायची. मी सोडवतो तुम्हाला या कटकटीतून." वन्सं स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. आजवर त्यांनी कायम भावजींची बाजू घेतलेली. त्या म्हणाल्या, "विकायची नाही. नवी फळी घालायची."

"कोण घालणार?"

"ही आणि मी."

तो "ही" मी जपून ठेवला आहे.

आम्हा दोघींना त्यातले ओ का ठो कळत नव्हते. जुनी फळी उचकटली, तळ घासला, वाळू दिला. वन्संनी पुठ्ठ्यावर अचूक नमुना काढला. नवी प्लाय मी करवतीने कापली, आणि हाताला सवय म्हणून चारी बाजूंनी शिवणीची बोटभर माया सोडली. वन्सं कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, प्लायला कसली माया सोडतेस? शिवायचीय का ती?" फळी अर्थातच होडीत उतरेना. पुन्हा कापली.

मग लाकडाच्या वखारीतल्या माणसाने सांगितले की प्लाय पाणी पिते ते कडेने, वरून नाही. म्हणून एपॉक्सी आणले, दोन डब्यांतले द्रव मोजून कालवायचे आणि लेपासारखे लावायचे. पहिल्या वेळी मी ते डिंकासारखे अंदाजाने कालवले. आठवडा झाला तरी फळी चिकटच. तिला माश्या चिकटल्या, झाडाची पाने चिकटली, वन्संच्या चष्म्याची दोरी चिकटली. सगळे खरवडून काढले. मी म्हटले, जाऊ दे, भावजींना बोलावून होडी देऊन टाकू. वन्संनी माझ्या हातात पॉलिश पेपर ठेवला.

दुसऱ्या वेळी त्यांनी मोजून दिले आणि मी लावले. वरून, खालून, आणि कडांना तर पोट भरेपर्यंत. स्क्रूची भोकेसुद्धा मोठी पाडून एपॉक्सीने बुजवली आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडले, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. शेवटच्या रंगावर बारीक वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. कोपऱ्यांत फट ठेवली, पाणी साचू नये म्हणून. मग फळी दोन स्टुलांवर ठेवली आणि मी वरून बादलीभर पाणी ओतले. वन्सं खाली वाकून हात फिरवत होत्या.

"कोरडी आहे गं," त्या म्हणाल्या. "ठणठणीत कोरडी आहे."

त्याच दिवशी त्या परत जायच्या होत्या. बॅग भरून दारात ठेवली होती. चहा पिताना म्हणाल्या, "दर वर्षी ही फळी उचलून खालून बघावी लागेल ना?"

"लागेल."

"मग मी जाऊन येऊन काय करू?"

मी बॅग उचलून मागच्या खोलीत नेली. ती अजून तिथेच आहे, रिकामी, आणि आमचे छान चालले आहे.

सबब सदर होडी, वल्ही, दोर आणि नवी फळी यांसह, वन्संना पूर्ण मालकीने. त्यांच्यामागे लेकीला. इतर कोणाचाही हक्क नाही.

कलम पाचवे. भावजींना जुन्या फळीचा तो तुकडा, ज्यात वन्संच्या पायाएवढे भोक आहे. उलटा करून पाहावा; रंग फक्त वरून आहे. राग उरलेला नाही. ते रविवारी येतात, चहा घेतात, नव्या फळीवर टाच आपटून बघतात आणि "बरी झालीय" म्हणतात. त्यांना होडीत बसायला मनाई नाही. उभे राहायला आहे.

कलम सहावे, आणि हे लेकीला. वकील विचारत होते की अंत्यविधीबाबत काही इच्छा आहे का. विशेष नाही. पण मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत वन्संना कोपऱ्यात बसवून ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, त्यांना तळ्यावर ने. त्या नको म्हणतील, तरी ने. वल्ही त्यांच्याच हाती दे आणि तू समोरच्या फळकुटावर बस. काही बोलायची गरज नाही. समोर कोणी बसले नाही तर होडीचे ते टोक वर उचलले जाते आणि ती सरळ चालत नाही.

हे सगळे मी वाचून, समजून सही करते.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार एक: शेजारचे औषध-दुकानदार. सही आमच्यासमोर झाली.
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. तब्येत आणि डोके दोन्ही ठीक असल्याची खात्री करून.

(ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून वन्संची सही नाही. त्यावरून त्या सकाळपासून फुगून बसल्या आहेत.)

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर. वार शनिवार, तारीख सहीशेजारी माझ्या हाताने.