बाळकुमच्या तीन पांढऱ्या बदकांविषयी

प्रति,
मा. अधिकारी,
पाळीव पक्षी मार्गदर्शन कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट बंद),
ठाणे (पश्चिम)

दि. १४ नोव्हेंबर २०२५

विषय : परसबागेतील बदकांची जात व त्यांचा आवाज यांबाबत आमच्या गृहनिर्माण संस्थेने आपणाकडे मागविलेला लेखी अभिप्राय.

संदर्भ : संस्थेच्या सचिव श्रीमती कादंबरी यांनी आपणास गेल्या आठवड्यात पाठविलेले पत्र.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी, बाळकुम येथील मधुमालती सहकारी गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावर राहते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझ्या मागच्या दारासमोर संस्थेची बाग आहे आणि त्या बागेत सध्या तीन पांढरी बदके आहेत. तिन्ही माद्या. संदर्भीय पत्रात आपणास असे विचारले आहे, की बदकांत ओरडते कोण, नर की मादी? आपले उत्तर आले की त्यावरून या तिघींना ठेवायचे की घालवायचे हे ठरणार आहे. प्रश्न विचारणारी मंडळी कोणत्या योग्यतेची आहेत हे आपणास आधी ठाऊक असावे, म्हणून हा अर्ज.

२. गेल्या पावसाळ्यात बागेत गोगलगायींचा सुळसुळाट झाला. अळू, झेंडू, पालक, काहीही शिल्लक राहिले नाही. माळ्याने मीठ टाकून टाकून मातीची वाट लावली. तेव्हा बदके पाळावीत अशी सूचना मी केली, आणि जात निवडण्याचे कामही एका ओळीत उरकून दिले : इंडियन रनर. ही बदके अंगाने सडपातळ असतात, वाफे फारसे तुडवत नाहीत, उडून जात नाहीत आणि दिवसभर किडे व बारक्या गोगलगायी हुडकत हिंडतात. ती न मिळाल्यास खाकी कॅम्पबेल. विषय इथेच संपत होता, म्हणून संस्थेने उपसमिती नेमली.

३. उपसमितीचे अध्यक्ष श्री. साकेत, राहणार सातवा मजला. हे गृहस्थ कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी संगणकावर नेमके काय करतात ते त्यांच्या पत्नीलाही सांगता येत नाही. त्यांनी क्लबहाऊसमध्ये पडद्यावर रंगीत तक्ते दाखविले. त्यांत बदकाच्या वजनाला गुण होते, पिसांच्या रंगाला गुण होते, 'फोटोत कसे दिसते' यालाही गुण होते. गोगलगाय हा शब्द कुठेही नव्हता. खाकी कॅम्पबेल नामंजूर झाले, कारण बागेत हवालदार फिरल्यासारखे वाटेल. इंडियन रनर ताठ उभे राहून चालते, त्यामुळे एका मातोश्रींना ते प्यायलेले वाटले आणि मुलांवर काय संस्कार होतील याची चिंता पडली. अखेर व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान होऊन पांढरे पेकिन बहुमताने निवडून आले. इमारतीला नुकताच पांढरा रंग दिला होता, त्याला ते शोभेल असा हिशेब होता. एका सभासदाने सिमेंटची बदके बसवावीत असे सुचविले. त्या सभेतली तेवढी एकच सूचना मला अभ्यासपूर्ण वाटली.

४. पेकिन ही मुख्यतः मांसासाठी जोपासलेली जात आहे. जड अंग, मंद बुद्धी, बसायला मऊ जागा हवी. आमच्याकडे पाच आली. त्यांनी गोगलगायी खाल्ल्या, नाही असे नाही, पण त्याआधी झेंडूच्या वाफ्यावर ठाण मांडले आणि पाण्याच्या हौदाभोवती एवढा चिखल केला की माळी दोनदा आपटला. पहिल्या आठवड्यात सर्वांचे फोटो काढून झाले. दुसऱ्या आठवड्यापासून पहाटेच्या आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या.

५. संस्थेचे अध्यक्ष श्री. पंढरी हे याच गावचे. आमची इमारत त्यांच्या आजोबांच्या भातशेतीवर उभी आहे. निदान यांनी तरी लहानपणी बदके पाहिली असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. त्यांचे सभेतील निवेदन जसेच्या तसे देते : "कोंबरा वरडतं, कोंबरी नाय. मंग बदकाचा पन नरच वरडत असंल. काढा नर भायेर." यावर टाळ्या पडल्या. सभेला इंजिनिअर होते, वकील होते, दोन डॉक्टर होते (पैकी एक दातांचे), एकाच्याही मनात शंका आली नाही. मी हात वर केला होता. श्री. साकेत म्हणाले, "काकू, प्लीज, आपण ऑलरेडी लेट झालोय." दुसऱ्या दिवशी शेपटीवरच्या वळलेल्या पिसांवरून दोन नर ओळखण्यात आले. ओळख बरोबर निघाली, जे या संस्थेत क्वचितच घडते. नर श्री. पंढरी यांच्या मोहने गावच्या मेहुण्यांकडे रवाना झाले आणि तिथे ते मजेत आहेत.

६. आपण या विषयाचे अधिकारी असल्यामुळे आपणास माहीत असेलच, आणि नसल्यास आता व्हावे, की बदकांत ओरडते ती मादी. नराचा आवाज सर्दीने घसा बसलेल्या माणसासारखा असतो, तो कुंपणापलीकडेही जात नाही. थोडक्यात, संस्थेने गप्प बसणाऱ्यांना हद्दपार केले. आवाज कमी होईना तेव्हा श्रीमती कादंबरी, ज्या दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि कविता करतात, त्यांनी असे निदान केले की माद्या विरहाने आक्रोश करीत आहेत. उपाय म्हणून बागेत रोज संध्याकाळी स्पीकरवर बासरी लावण्यात येते. बदके आता बासरीच्या वरच्या पट्टीत ओरडतात.

७. मागील सभेत ठराव झाला तो असा. सरकारी अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय मागवावा. माद्याच ओरडतात असे त्यात आल्यास तिघींना विठ्ठलवाडीच्या एका केटररकडे सुपूर्द करावे आणि त्यांच्या जागी मस्कोव्ही जातीची बदके आणावीत, कारण ती ओरडत नाहीत. अभिप्राय हाती येईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. मस्कोव्ही ओरडत नाही हे खरे आहे. ती उडते आणि रात्री उंच जागा पाहून बसते, हे मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. ही बदके श्रीमती कादंबरी यांच्या गॅलरीच्या कठड्यावर ओळीने बसली आहेत आणि वाळत घातलेल्या रेशमी साड्यांवर आपला अभिप्राय नोंदवीत आहेत, हे दृश्य मी बऱ्याचदा डोळ्यांसमोर आणले आहे. मला ते पाहायला फार आवडले असते, पण त्यासाठी या तिघींचा जीव द्यावा लागेल.

८. या तिघींविषयी माझे मत फारसे चांगले नाही. दार सताड उघडे असताना त्या शेजारच्या जाळीतून बाहेर पडायची धडपड करतात. मी बादली वाजवली की धावत येतात आणि धावताना एकमेकींवर आदळतात. तरीही यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या घरात सकाळी कोणाला तरी माझी घाई असते. मला त्या आवडतात. असली वाक्ये लिहिण्याची मला सवय नाही, पण त्यांना केटररच्या टेम्पोत चढविलेले मला बघवणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

९. सबब माझी विनंती अशी, की संस्थेच्या पत्रास आपण उत्तर देऊ नये. खोटे लिहा असे मी म्हणत नाही. जन्मभर खरे तेच शिकविले आहे आणि आज ते लपवा म्हणून सांगताना मला बरे वाटत नाही. आपण फक्त काहीच लिहू नका. हे आपणास जड जाऊ नये. इंडियन रनरची पिल्ले कुठे मिळतील हे विचारण्यासाठी मी आपल्या कक्षाकडे अर्ज केला होता, मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र, आणि शेवटी मी स्वतः दोन जिने चढून आले. एक चिटोराही हाती आला नाही. त्या दिवशी आपल्या शिपायासमोर मी आपल्याविषयी जे बोलले ते आज बिनशर्त मागे घेते. तीच शिस्त याही पत्राला लावावी. ते आवक टेबलावर राहू द्यावे, टेबल हलले तर कपाटात जाऊ द्यावे, साहेब रजेवर जावेत, मग बदलून जावेत. नीट सांभाळले तर पेकिन आठ-दहा वर्षे जगते. तेवढा काळ प्रकरण विचाराधीन असावे.

१०. प्रस्तुत अर्जालाही उत्तराची अपेक्षा नाही. ते आले नाही, तर माझी विनंती मान्य झाली असे मी समजेन आणि आपल्या कार्यालयाची आजन्म ऋणी राहीन.

आपली,
नम्र राहण्याचा प्रयत्न केलेली,

(सही)
मंदाकिनी गुप्ते
तळमजला, मधुमालती, बाळकुम, ठाणे

सोबत : काहीही जोडलेले नाही. जोडले तर कोणीतरी वाचेल.