वनिताची सावड

२९ जून
ग्रामसभा. फार्महाउसवाल्या शेठला वहाळाचं पाणी वळवून भिंत घालायची आहे. वहाळ गेला की खालची खाचरं कोरडी, सगळ्यात आधी माझं आणि वनिताचं. काल व.च म्हणाली होती, "तू बोल गो, तुला बोलता येतंय. मी उठते ना तुज्यामागं." बोलले. मागे वळून पाहिलं तर बाई पदराचं टोक चिमटीत धरून खाली बघतेय. उठली नाही. सरपंच हसले, "एकट्या बाईची हरकत दिसते." अंगाची लाही झाली.

३० जून
हे म्हणतात, घाबरली असेल, सोड. कसं सोडू? लग्न होऊन आल्यापासून आमची आवणी, भाताची लावणी, सावडीवर. एक दिवस सगळ्या बाया माझ्या खाचरात, मग तिच्या. यंदा पहिला दिवस माझा.

४ जुलै
व. नळावर भेटली, जणू काही घडलंच नाही. "परवा येताव आमी. रोप काढून ठेव." राग निम्मा उतरला. मीच मेली भोळी.

५ जुलै
दिवसभर राबाच्या वाफ्यातलं रोप उपटून मुठी बांधल्या. कंबर गेली. बायांसाठी वाल भिजत घातले.

६ जुलै
कोणी आलं नाही.
व.ला फोन लावला, उचलला नाही. दुपारी शेजारच्या आत्या सांगत आल्या, "सगल्या सरपंचाच्या शेतावर हायेत. वनिता पुढं. तिच्या मालकाला शेठनं वॉचमन लावलाय, सभेच्या आधीच. तुला नाय माहीत?"
नाही माहीत. म्हणजे पाणी माझ्या तोंडून मागायचं आणि पगार शेठकडून घ्यायचा. बरं आहे.

७ जुलै
मी, हे आणि आत्या. जेवढं झालं तेवढं लावलं. उपटलेलं रोप किती थांबणार? उरलेल्या मुठी पिवळ्या पडल्या. वाल आंबले. खालचं खाचर पडीक राहणार बहुतेक.

९ जुलै
सकाळी बांधावर ताज्या मुठी. व.च्याच. ती गाठ उलटी मारते, लाख मुठींत ओळखेन. लोकांसमोर एक शब्द नाही आणि मुठी टाकायला पहाटेचा अंधार!
लावल्या. रोपाशी काय भांडण? लावताना रडू आलं, पण राग गेला नाही.

१२ जुलै
संध्याकाळी व. दारात. एरवी थेट चुलीपाशी येणारी, आज उंबऱ्याबाहेरच.
"उद्या आमची आवणी. येशील ना गो? बाया नाय मिळत." मग हळूच, "रोप काढून ठेवलंय मी."
काढून ठेवलंय. माझ्या भरवशावर.
सभेत का उठली नाहीस, एवढंच विचारायचं होतं. ती गेली.
हे विचारतात, जाणार का उद्या? पावसात पांघरायचं इरलं अजून खुंटीलाच आहे.