वीस हातांचा कागद

२७ नोव्हेंबर १९५५, रविवार. आमगाव.
आजपासून रोजनिशी. नियमित. थोर कलावंत ठेवतात.
भाऊबीजेला तुलसा माहेरी तिरोड्याला गेली. आठ दिवस म्हणाली होती, आज अकरावा. घर एकदम शांत. कलेला शांतता लागतेच. चांगलंच झालं.
जाताना दारात उभी राहून म्हणाली, लगद्याच्या गंजात शिजवलेला भात मी नाही जेवणार, सांगून ठेवते. आता ड्रॉइंग मास्तरशी लग्न केलं तर कागदाच्या लगद्यासाठी स्वयंपाकाचं एखादं पातेलं, एखादा गंज कामी यायचाच.
संकल्प: धानाच्या तणसीचा, म्हणजे पेंढ्याचा हातकागद, एकसलग वीस हात लांब, गुंडाळी करता येईल असा. त्यावर चिकटचित्र. परदेशात कोलाज म्हणतात, शाळेतल्या मासिकात वाचलं. कापड, लेबलं, पुड्यांचे कागद, हाताला येईल ते चिकटवायचं. विषय: भारताची घोडदौड. नागपूरच्या प्रदर्शनाच्या सेक्रेटरींना पत्र टाकलं, स्वतः येऊन पाहावे.
पंधरा दिवसांत पूर्ण.

३० नोव्हेंबर
तणीस चुन्याच्या पाण्यात भिजत आहे. शेजारच्या रुख्माबाईंनी कुडाजवळून विचारलं, मास्तर, उंदीर मेला का जी? लोकांत कलेबद्दल अज्ञान फार.
भात खाली लागला. वरचा खाल्ला.

४ डिसेंबर, रविवार
तणीस उकळली, उखळात कुटली. तळहाताला फोड. मच्छरदाणी कापून चौकटीवर ताणली, तीच चाळणी. पहिला ताव उचलला. ताव कसला, भाकरच निघाली. यंदाची तणीसच जाड, माझा दोष नाही.
पाहुण्यासाठी आता मच्छरदाणी नाही. पण पाहुणे येतात कुठे.

११ डिसेंबर, रविवार
जमलं! लगद्यात सातवीचे तिमाहीचे पेपर मिसळले. (तपासले नव्हते. सगळे पास.) ताव तुलसाच्या जुन्या लुगड्यावर उतरवले. विचारायला ती इथे नाही, म्हणजे हरकत नाही. एका तावाची ओली कड दुसऱ्याच्या कडेवर ठेवून तळव्याने दाबायची, वाळल्यावर वर भाताची पेज फिरवायची. जोड दिसतच नाही. तीन हात झाला.
खरंच सुंदर झाला आहे. दाखवायला कोणी नव्हतं. रुख्माबाईंच्या गायीला दाखवला. तिने चाटला.

१४ डिसेंबर
तिरोड्याहून साळ्याचा, जियालालचा निरोप. जावई बाईले आणाले कधी येऊन राहिले?
आपल्याकडे रीत आहे, माहेरी गेलेल्या बाईला नवऱ्याने जाऊन आणायचं. त्याशिवाय ती निघत नाही, तिचे लोक पाठवत नाहीत. ठीक आहे. पण ती आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने यावं. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय लगदा कालवून ठेवलेला, टाकून कसं जाता येईल? निरोप्याला म्हटलं, काम चालू आहे.
तिलाच करमत नसेल. मला काही नाही.

२५ डिसेंबर, रविवार
नागपूरचं उत्तर नाही. म्हणजे थेट येणार.
स्टेशनवर गेलो. चित्रासाठी पोस्टरचे कागद मिळतात का ते पाहायला. तिरोड्याकडची पॅसेंजर आली तेव्हा योगायोगाने फलाटावरच होतो. बारा माणसं उतरली.

२६ डिसेंबर
पुन्हा स्टेशन. काल कागद मिळाले नव्हते. नऊ माणसं.

१ जानेवारी १९५६, रविवार
नवीन वर्षाचे संकल्प: (१) रोज व्यायाम. (२) वेळेवर जेवण. (३) स्टेशनवर जायचं नाही.
रोल बारा हात. चिकटवायला सुरुवात. शेतीसाठी हिरवा रंग हवा होता, तुलसाच्या लुगड्याचा काठ कापून लावला. उद्योगधंद्यांसाठी तिच्या फुटक्या बांगडीचे तुकडे. सूर्योदयाला कुंकवाच्या पुडीचा कागद. घरात दुसरं रंगीत काही सापडतच नाही.
संध्याकाळी स्टेशन. सात माणसं.

८ जानेवारी, रविवार
रुख्माबाई जेवणाला चून, म्हणजे पिठलं, द्यायला आल्या. रोल ओसरीभर पसरला होता. बघत बघत टोकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, हे तं सारं तुलसाबाईचंच होय जी. मंग तिले आणाले काऊन नाही जाऊन राहिले?
मी भारताची घोडदौड समजावून सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला.
विचार केला. रोल पुरा झाला की तो घेऊन तिरोड्याला जाईन. आणायला नाही, दाखवायला. दाखवल्यावर ती सोबत निघाली तर मी काही नाही म्हणणार नाही. तत्त्वही राहतं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ रुख्माबाईंनी दिला. रोल अठरा हात. उद्या शेवटचे दोन ताव. सोमवारची रजा मागून घेतली. दाढी केली. तुलसाला काय काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, मग तोच कागद लगद्यात टाकला. तोंडीच बोलेन.

१५ जानेवारी, रविवार, दुपार
सकाळपासून इथे बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर; पाण्याच्या काठी काम सोपं जातं. दहाच्या सुमारास पाळीच्या बांधावरून रुख्माबाईंची हाक. मास्तर, घरी माणसं येऊन बसून राहिली जी!
नागपूरचे! शेवटी आलेच! ओरडून म्हटलं, बसवा त्यांना. रुख्माबाई आणखी काही सांगत होत्या, मी हात हलवला. सेक्रेटरी लोकांना थोडं ताटकळत ठेवावं, धावत गेलं की कलावंताची किंमत उतरते. शेवटचा ताव सावकाश उचलला. आतापर्यंतचा सर्वांत उत्तम. हातपाय धुतले, पाण्यात पाहून भांग पाडला.

त्याच दिवशी, दिवे लावताना
नागपूरचं कोणी नव्हतं. तुलसा होती. सोबत जियालाल.
न आणता आली. स्वतःहून. रुख्माबाई सांगतात, ओसरीवर बसली, आत पाय ठेवीना. ते येऊन आत चल म्हणतील तेव्हाच जाईन म्हणाली. तासभर बसली. मग रुख्माबाईंना विचारलं, ते काय म्हणाले? रुख्माबाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, बसवा म्हणाले.
मग उठली. लग्नात माहेरहून आणलेली पितळी भांडी जियालालकडून बाहेर काढवली. गाडीत आपटू नयेत म्हणून गुंडाळायला काही हवं होतं. ओसरीवर रोल होता.
जियालालने जोडावर फाडून पाहिला, फाटेना. विळ्याने कापावा लागला. अठराच्या अठरा हात लागले.
हिरव्या काठाशी ती थांबली होती म्हणे. म्हणाली, माझं लुगडं इथं गेलं होय. आणि तो तुकडा घागरीला गुंडाळला.
कागद मजबूत निघाला, एवढं नक्की.

१६ जानेवारी, सोमवार
तिरोड्याची गाडी गेली. रजा होती. दाखवायला काही राहिलं नाही, जाऊ काय घेऊन?
तिने घरात एकच गंज ठेवला आहे, लगद्याचा. घासघासून घासला, त्यातच भात शिजवला. चुन्याचा वास येतो. दोन घासांवर खाववेना.
तुलसा बरोबर म्हणत होती. एवढं माझ्या तोंडून ऐकायलाच ती तासभर ओसरीवर बसली होती.